पितरातला होकार

मी पुण्याहून चिखलीला परत आले तेव्हा लॅपटॉपसोबत नोकरीही घेऊन आले. सासूबाईंची तब्येत बरी नसायची, नवरा इथल्याच शाळेत शिक्षक होता आणि कंपनीनं घरून काम करायची मुभा दिली होती. तालुक्याच्या गावात घरात बसून पगार मिळवणारी बाई म्हणजे नवलच. पहिले काही महिने शेजारणींना वाटायचं, हिची नोकरी गेलीय आणि ही ते लपवतेय. पगार खरोखर होतो हे एकदा पटलं आणि मग मात्र रांग लागली. ‘मॅडम, आमच्या पोराले कुठं चिटकवून द्या.’ ‘मॅडम, पोट्टीनं बीएस्सी कॉम्प्युटर केलं, आता तुमीच पाहा.’ जशा काही माझ्या पर्समध्ये पुण्याच्या चार नोकऱ्या घडी करून ठेवल्या होत्या.

माझा स्वभाव तसा तापट. सुरुवातीला मी सरळ सांगायचे, की नोकरी लावून देणं माझ्या हातात नाही. पण लोक बायोडाटा ठेवूनच जायचे, आणि ठेवलेला कागद वाचल्याशिवाय मला चैन पडत नाही. ते वाचून माझं डोकं आणखी तापायचं. गावातल्या सायबर कॅफेत बायोडाट्याचा एकच नमुना होता आणि तो बहुधा लग्नाच्या बायोडाट्यावरून उचललेला होता. उंची, रंग, रक्तगट, वडिलांचा व्यवसाय, एकात तर मामाचं गाव आणि आडनावसुद्धा. मुलानं कॉलेजात काय बनवलं, त्याला काय येतं, ते दुसऱ्या पानावर तळाशी, जागा उरली म्हणून घातल्यासारखं. एका मुलाला मी विचारलं, ‘अरे, कंपनीला तुझा मामा कशाला पाहिजे?’ तो म्हणाला, ‘असू द्या ना ताई, वजन पडते.’

त्यातून रविवारचं सुरू झालं. आमच्या वरच्या खोलीत सतरंजी टाकून सात-आठ मुलंमुली बसायची. वडनेर भोलजीचा एक जण पहाटेच्या एसटीनं निघायचा, काही चिखलीतलेच असायचे. आम्ही बायोडाटे नव्यानं लिहायचो, एकमेकांच्या खोट्या मुलाखती घ्यायचो, कंपन्यांना मेल कसा लिहायचा ते शिकायचो. मुलं कामाला वाघ होती, पण बोलायची वेळ आली की मान खाली. ‘स्वतःबद्दल सांगा’ म्हटलं की आधी गाव, मग आईवडील, मग कॉलेजचे सर, आणि स्वतःपर्यंत येईस्तोवर वेळ संपायची.

त्याहून एका गोष्टीनं मला वेड लावलं होतं. कुणी काही सांगायचंच नाही. कुठं अर्ज केला, कुणाचा फोन आला, मुलाखत कधी, सगळं गुपचूप. काम व्हायच्या आधी बोललं की ते बिघडतं, असा आपल्याकडं पक्का समज. चांगल्या कामाला निघालेल्या माणसाला ‘कुठं चालला?’ असं विचारायचंही नाही, टोकलं जातं. मी सांगून दमले, की मुलाखतीत काय विचारलं ते तू येऊन सांगितलंस तर पुढच्याची तयारी होईल. ‘हाव ताई,’ म्हणायचे, आणि पुढच्या वेळी परत तेच. एक पठ्ठ्या तर पहिला पगार हातात पडल्यावर पेढे घेऊन आला, आणि तोवर मी त्याच्यासाठी जुन्या ओळखीपाळखीतल्या लोकांकडं शब्द टाकत बसले होते. पेढा खाल्ला, पण त्याला चांगलं फैलावर घेतलं.

या मुलांमध्ये उंद्रीची एक मुलगी होती. वडील भाजीपाला पिकवणारे, भेंडी, वांगी, कोथिंबीर. तिनं बीएस्सी केल्यावर मैत्रिणींसोबत स्पर्धा परीक्षेची तयारी केली, दोन वर्षं अभ्यासिकेत काढली आणि एक दिवस पुस्तकं बांधून ठेवली. आमच्याकडं आली तेव्हा फार कमी बोलायची. पण तिला चुका दिसायच्या. कुठलंही ॲप, कुठलीही वेबसाइट तिच्यासमोर ठेवली की ती बरोबर नको तिथं बोट ठेवायची. भाज्या विकायच्या एका ॲपमध्ये तिनं वजनाच्या जागी उणे दोन किलो टाकलं आणि ॲपनं ते मुकाट्यानं घेतलं, वर पैसे परत द्यायलाही तयार झालं. सगळे हसले, ती मात्र गंभीरपणे म्हणाली, ‘ताई, यांना कोणी सांगत नाही का?’ मी म्हटलं, ‘सांगायचेच पैसे मिळतात, बाई. त्यालाच टेस्टिंग म्हणतात.’

त्या दिवसापासून तिनं टेस्टिंगचं मनावर घेतलं. अडचण एकच होती, ती दोन वर्षं. नवीन मुलं घेणाऱ्या कंपन्या त्याच वर्षी पास झालेले मागतात, आणि ज्यांना वर्षाशी देणंघेणं नाही ते अनुभव मागतात. तिच्याकडं दोन्हींपैकी काहीच नव्हतं. किती ठिकाणी अर्ज केले असतील, उत्तरसुद्धा येईना. मी माझ्या जुन्या सहकारी मैत्रिणीला गळ घातली. ती आता पुण्यातल्या एका लहान कंपनीत माणसं घ्यायचं काम बघते. तिनं सांगितलं, ‘आमच्याकडं सहा महिन्यांची इंटर्नशिप आहे, चांगलं काम केलं तर तिथंच कायम. वर्षाचं मी बघून घेईन, बायोडाटा पाठव.’ मी पाठवला. मला दिसत होतं, की या मुलीसाठी उघडं असलेलं दार हे एवढंच आहे. दुसरं माझ्या नजरेत तरी नव्हतं. हे मी तिलाही स्पष्ट सांगितलं होतं, गोडगोड बोलायची मला सवय नाही.

मग बरेच दिवस काही कळलं नाही. एका रविवारी ती आली नाही, दुसऱ्या रविवारीही नाही. मला वाटलं, खचली असेल. करू दे आराम, म्हटलं.

एका सकाळी मी कामाच्या मीटिंगला बसणार, एवढ्यात मैत्रिणीचा फोन.

‘अगं, तुझी ती उंद्रीची मुलगी कुठाय? आम्ही ऑफर पाठवून आठवडा होत आला. उत्तर नाही, फोन उचलत नाही.’

‘ऑफर?’ मी म्हटलं. ‘मुलाखत कधी झाली?’

ती हसायला लागली. ‘म्हणजे तुला माहीतच नाही? अगं, मुलाखत घेणारा पोरगा तिच्यावर खूश आहे. आम्ही नेहमी विचारतो, लिफ्टची टेस्टिंग कशी कराल. ही म्हणाली, लिफ्टपेक्षा वजनकाट्याची सांगू का, तो आमच्या घरी रोज असतो. आणि मग काटा कसाकसा फसवतो, ते तिनं असं काही सांगितलं की तो लिहूनच घेत बसला.’ मग तिचा आवाज बदलला. ‘पण ऐक, रुजू दसऱ्यानंतर व्हायचं असलं तरी दुसरा एक मुलगा थांबलाय. आज संध्याकाळी सहापर्यंत हिचा होकार नाही आला तर मला त्याला कळवावं लागेल. मला थांबवता येणार नाही.’

मला एकाच वेळी इतका आनंद आणि इतका संताप कधी झाला नसेल. ऑफर आली होती! आणि ही मुलगी गप्प बसून होती! मी फोन लावला. रिंग जात राहिली. परत लावला, परत तेच. मेसेज टाकले, ते पोचले पण तिनं उघडले नाहीत. वडिलांच्या नंबरवर लावला तर तो बंद. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली, सासूबाईंना सांगितलं आणि स्कूटी काढली.

भादव्याचं ऊन नुसतं भाजत होतं. अमडापूर मागं पडेपर्यंत माझ्या डोक्यात नाही नाही ते येऊन गेलं. कुणी आजारी असेल. लग्न ठरवलं असेल. घरच्यांनी पुण्याला पाठवायचं नाही म्हणून फोन काढून घेतला असेल. शेवटचं मला सगळ्यात जास्त खरं वाटलं, आणि मी मनातल्या मनात तिच्या वडिलांशी भांडायला सुरुवात केली. उंद्रीच्या फाट्यावर पोचले तोवर मी ते भांडण जिंकलंही होतं.

घर सापडायला वेळ लागला नाही. दारात भाजीचे क्रेट एकावर एक लावलेले, अंगणात चपलांचा ढीग, ओट्यावर चार-पाच म्हातारे बसलेले. आतून वडे तळल्याचा वास येत होता. मला वाटलं, खरंच लग्न ठरतंय. पण कुणाच्याच अंगावर नवे कपडे नव्हते, आणि सगळे मान वर करून स्लॅबकडं पाहत होते. वर पत्रावळीवर काहीतरी वाढून ठेवलेलं दिसलं. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पितरं.

आम्ही बौद्ध. आमच्या घरी पितरं घालत नाहीत. या दिवसांत आमच्या विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन चाललेलं असतं, त्यामुळे पंधरवडा कधी लागला आणि कधी संपला हे माझ्या लक्षातही राहत नाही. या दिवसांत लोक नवी गाडी घेत नाहीत, घराचा पाया घालत नाहीत, एवढं माहीत होतं. पण ई-मेललाही पितरं लागतात, हे काही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुलीची आई बाहेर आली आणि मला बघून दचकलीच. ‘या या मॅडम, आज आमच्या मामंजीची तिथ हाय. बसा. कावळा शिवला का पानं वाढतोच.’ तिच्यामागून ती मुलगी आली. हात पिठानं भरलेले. माझ्याकडं बघितलं आणि खाली बघितलं.

‘फोन कुठंय तुझा?’ मी विचारलं.

‘कपाटात ठेवला, ताई.’

‘का?’

‘तुमी विचारलं असतं तं खोटं बोलता नसतं आलं.’

यावर मला रागवताही येईना. मी विचारलं, ‘ऑफर आली ना?’ तिनं हळूच मान हलवली. ‘आज सहापर्यंत उत्तर द्यायचंय, माहीत आहे ना?’ तिनं परत मान हलवली आणि ओट्याकडं पाहिलं. तिचे वडील तिथून उठून आमच्याकडंच येत होते.

सावळे, उंच, बोलायला मऊ माणूस. माझं रस्त्यातच जिंकलेलं भांडण त्यांना पाहून जरा ढिलं पडलं. ते म्हणाले, ‘मॅडम, नोकरीले माझी ना नाई. मले बी आनंदच हाय. फक्त घटस्थापना होऊ द्या. त्या दिवशी सकाळी सकाळी आंघोळ करून हो म्हनन ते. पितरात कोनी नवं काम सुरू करते का?’

‘काम आत्ता सुरू नाही व्हायचं,’ मी म्हटलं. ‘जायचंय ते दसऱ्यानंतर. आज फक्त हो म्हणायचंय.’

‘मंग तेच तं!’ ते म्हणाले. ‘मी व्यापाऱ्याले एकदा हो म्हनलं का माल त्याचा झाला. तो आज नेवो का चार दिवसानं नेवो. वावरात असला तरी माल त्याचा. हो म्हनलं तिथंच काम सुरू झालं ना, मॅडम?’

मी त्यांना समजावलं, की कंपनीचं तसं नसतं, होकार म्हणजे नुसती जागा धरून ठेवणं. त्यांना ते पटेना. शब्दाला इतकं हलकं धरणं त्यांच्या बुद्धीत बसत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर माझ्याही बसत नाही. मग त्यांनी विचारलं, ‘एवढी मोठी कंपनी, मंग चार दिवस काऊन थांबत नाई?’ मी म्हटलं, दुसरा मुलगा तयार बसलाय. ते म्हणाले, ‘नशिबात असन तं थांबन.’ तिथं माझा तोल गेला. ‘नशिबाला संध्याकाळी सहाची वेळ दिलीय त्यांनी,’ असं मी जरा जास्तच मोठ्यानं बोलले. ओट्यावरचे म्हातारे कावळ्याचं सोडून आमच्याकडं बघायला लागले.

कावळा तर काही येतच नव्हता. या दिवसांत बिचाऱ्याला तरी किती घरची आमंत्रणं. एक म्हातारा ‘का का’ करून दमला. दुसरा म्हणाला, ‘सकाळीच देशमुखाइकडं पाच-सहा बसले होते, पोट भरलं असन.’ अडीच वाजून गेले होते. मी घड्याळाकडं बघत होते, ते लोक आभाळाकडं बघत होते, आणि मधे ती मुलगी हाताचं पीठ खरवडत उभी होती.

आणि ती बोलली.

‘बाबा, मुलाखत बी पितरातच झाली.’

वडिलांनी तिच्याकडं वळून पाहिलं.

‘मी सांगतलं नाई तुमाले. तुमी म्हनले असते, थांब. मागच्या खोलीत बसून दिली मी. तुमी वावरात होते, आई बी होती वावरात.’ तिचा आवाज आधी बारीक होता, मग तो मोठा होत गेला. ‘काम तं तवाच सुरू झालं, बाबा. पितराइले आडवं याचं असतं तं तवाच आले असते. आपल्या उंद्रीत दुपारी लाईट राहते का कधी? त्या दिवशी पूरा एक घंटा गेली नाई. नेट बी गेलं नाई. इतकं चांगलं कधी चालते का आपल्या घरी? मले तं वाटते, आबानंच राखली लाईट.’

आबा म्हणजे तिचे आजोबा, ज्यांची त्या दिवशी तिथी होती.

मग ओट्यावरचा एक म्हातारा खो खो हसायला लागला. ‘आबा तसाच होता बे! बिलासाठी लाईनमनच्या मांगं लागायचा, तिथं बी गप बसला नसन!’ बाकीचेही हसले. आई पदर तोंडाला लावून हसत होती. आणि ते उंच, सावळे गृहस्थ आधी हसू आवरत होते, मग त्यांनाही आवरेना.

मी त्या मुलीकडं बघतच राहिले. सतरंजीवर बसून मी हिला किती वेळा सांगितलं होतं, की मान वर कर, पूर्ण वाक्य बोल, कारण दे, उदाहरण दे. तिथं हिचा आवाज माझ्यापर्यंत पोचत नसे. इथं पिठाच्या हातानं, भर ओट्यासमोर, वडिलांना एकाहून एक सरस मुद्दे दिले, आणि तेही त्यांच्याच बाजूला उभं राहून. मला तिचा अभिमान वाटला.

‘दे मंग उत्तर,’ वडील म्हणाले. ‘पहिले हात धू.’

तिनं हात धुतले, कपाटातून फोन आणला, देवापुढं जाऊन हात जोडले, आणि मागच्या खोलीत जाऊन बसली. मी दारात उभी राहिले. काय लिहायचं ते मी सांगायला तोंड उघडलं होतं, पण तिनं आधीच लिहायला सुरुवात केली होती. मी तोंड मिटलं. तिनं एकदा वाचलं, एक शब्द बदलला, परत वाचलं, आणि पाठवलं.

‘गेलं, ताई.’

मी भिंतीला टेकून खाली बसले. मी मैत्रिणीला फोन लावला, तिचा लागेना. मग आम्ही दोघी त्या खोलीत फोन समोर ठेवून बसलो. मुलाखत जिथं बसून दिली ती जागा तिनं मला दाखवली. मागं भिंतीवर पांढरी चादर लावली होती म्हणे, कारण भिंतीला पोपडे आले होते. चादर पडू नये म्हणून वरच्या फळीवर तिच्या टोकांवर दोन क्रेट ठेवले होते. मी म्हटलं, हे रविवारी सगळ्यांना सांग. ती म्हणाली, ‘सांगते, ताई,’ आणि यावेळी मला ते खरं वाटलं.

बाहेर तिच्या आईचा आवाज आला, ‘शिवला, शिवला! चला, पानं वाढा.’ कावळा बसलेला मी तरी पाहिला नाही. म्हाताऱ्यांपैकीही कुणी पाहिला असेल असं वाटत नाही. पण सगळे भराभर उठले आणि पंगत बसली.

मला तिच्या आईनं हाताला धरून पंगतीत बसवलं. दुसऱ्याच्या घरी जेवायला बसताना माझ्या मनात एक प्रश्न असतो, तो लहानपणापासूनचा आहे आणि शिक्षणानं आणि पगारानं गेलेला नाही. यांना माझं आडनाव माहीत होतं. पान त्याच ओळीत होतं, वाढणारी तीच होती, आणि म्हाताऱ्यांच्या आधी खीर माझ्या पानात पडली. मी तो प्रश्न तिथंच सोडून दिला आणि जेवायला लागले.

दुसरा वडा घेतला असेन, इतक्यात ती मुलगी आतून धावत आली. फोन तिनं माझ्यासमोर धरला, पण मला वाचायलाच दिलं नाही, स्वतःच सांगून टाकलं. ‘आलं ताई, उत्तर आलं! झालं म्हनतात. दसऱ्यानंतरच्या सोमवारी याचं म्हनतात.’ तेवढ्यात माझाही फोन वाजला. मैत्रीण होती. ‘आला बरं का होकार. काय गं, कुठं लपली होती ही?’ मी म्हटलं, ‘सांगेन कधीतरी, आता जेवतेय.’ मी किती वडे खाल्ले ते मोजले नाहीत. वाढणाऱ्या माउलीनंही मोजले नसावेत. खीर दोनदा घेतली. इतकी भूक मला पुण्यात असताना कधी लागली नव्हती.

ज्या घरात आठवडाभर कुणी चकार शब्द काढला नव्हता, तिथं आता पंगतभर तेच बोलणं चाललं होतं. कुणी विचारत होतं, पुण्यात राहणार कुठं, कुणी आपल्या भाच्याचा नंबर देत होतं, जो पिंपरीला कुठंतरी होता. लाइनमनची आठवण काढणारा तो म्हातारा मला म्हणाला, ‘मॅडम, माझ्या नातवाचं बी पाहा, त्याले बी चुका लय दिसतात, फक्त दुसऱ्याच्या.’ मी म्हटलं, रविवारी पाठवा. त्या घडीला मी गावातल्या कुणालाही हो म्हटलं असतं.

ऊन उतरल्यावर मी निघाले. वडील स्कूटीपर्यंत आले. भेंडी आणि कोथिंबिरीची पिशवी त्यांनी स्वतःच पुढं पायाशी ठेवली, ती नीट बसली का ते दोनदा पाहिलं. मी स्कूटी सुरू केली, तरी ते तिथंच उभे राहिले.

‘मॅडम, राग नोका मानू.’

‘तुम्हीच मानू नका,’ मी म्हणाले. ‘तुमच्या घरी तिथी, आणि मी आवाज चढवला.’

‘नाई नाई. तुमी आले म्हनून झालं.’ त्यांनी स्कूटीच्या आरशावरची धूळ बोटानं पुसली. ‘पितरं मी पाळतो. ते काही खोटं नाई. पन एकट्या पितरापायी नव्हतं अडवलं मी.’

मी थांबले.

‘घरात हे एकच लेकरू. तिनं हो म्हनलं का ते तिकडची झाली. मंग इथं जेवायले बसली तरी तिकडचीच. म्हनलं, घटस्थापनेपर्यंत तरी आपली राहीन.’ एवढं बोलून त्यांनी मोठा श्वास सोडला. बोलून टाकल्यावर चेहरा कसा मोकळा होतो, तसा त्यांचा झाला होता.

सकाळी याच माणसाशी मी अख्खा रस्ता भांडत आले होते. मी म्हणाले, ‘अहो, दसरा घरीच करून जाईल ती. अजून भरपूर दिवस आहेत.’

‘हाव, ते सांगतलं तिनं,’ ते म्हणाले. ‘पन हो तं आज म्हनली ना.’

मी स्कूटी बंद केली आणि खाली उतरले. आता मला कसलीच घाई नव्हती.